देवेशचे चौथे नाव

शेजारी राहायला आलेला देवेश सबनीस मला पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला. मिरजेचा पदविकाधारक मुलगा. हॅलिफॅक्सला शिकायला आला, नागरिकत्व मिळताच इथल्या नौदलात भरती झाला, सहा वर्षे युद्धनौकेच्या इंजिनघरात राबला आणि आता आमच्या वॉन शहरात राहून पोलिसांत अप्लाय करत होता. ज्या देशाने माझ्या नागपूरच्या अभियांत्रिकी पदवीला बावीस वर्षे गोदामाबाहेर पाऊल टाकू दिले नाही, त्याने याला दोन-दोन गणवेश द्यावेत, यामागे काहीतरी असणारच. मी त्याच्याविरुद्ध पालिकेकडे तीन तक्रारी केल्या होत्या: दोन वाटेत साचलेल्या बर्फाबद्दल, एक पदपथ अडवणाऱ्या ट्रकबद्दल.

मार्चमध्ये तोच माझ्या दारात उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"काका, माझी फाइल अडकलीये. बॅकग्राउंड चेकमध्ये माझ्याबद्दल सांगणाऱ्या तिन्ही रेफरन्सवर डाऊट घेतलाय."

"काय लपवलंस?"

"मी नाही हो! प्रमिलाताईंनी घोळ केला."

प्रमिलाताई आमच्या मराठी मंडळाच्या सचिव. स्थळाची चौकशी असो वा पोलिसांची, मुलाचे गुण गाण्यात कसूर करायची नाही, हा आमचा रिवाज. बाईंनी तिघांनाही व्हॉट्सअॅपवर उत्तरे पाठवली: निर्व्यसनी, मनमिळाऊ, एकही दोष नाही. तिघांनी ती शब्दशः म्हणून दाखवली. चौकशी अधिकाऱ्याला कट वाटला. एखाद्या सरकारी खात्याशी माझे प्रथमच एकमत झाले.

"चौथं नाव तुमचं दिलंय," देवेश म्हणाला. "हे गेलं तर संपलंच, काका."

"माझं? मी तुझ्यावर तीन तक्रारी केल्यात."

"म्हणूनच. तुम्ही पढवलेले आहात असं कोण म्हणेल?"

"मग काय सांगू त्यांना?"

"ते मी सांगायचं नाही. खरं ते सांगा."

हा भाबडा की पक्का बेरकी, हे मला ठरवता येईना.

गुरुवारी साध्या कपड्यांतली एक अधिकारी बाई आली. मी तक्रारींच्या प्रती तिच्यापुढे ठेवल्या. तिने त्या शेवटपर्यंत वाचल्या. पालिकेने हे कधी केले नव्हते.

"प्रत्येक वेळी त्याने काय केलं?" तिने विचारले.

त्याचे भवितव्य माझ्या जिभेवर होते. मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण जे घडले नाही ते मी आजवर एकाही अर्जात लिहिलेले नाही. पहिल्या वेळी त्याने फावडे घेऊन माझ्याही ड्राइव्हवेवरचे बर्फ शोव्हल करून दिले. दुसऱ्या वेळी वाद घातला. बर्फ पालिकेच्याच गाडीने लोटले होते, आणि त्याचे म्हणणे खरे निघाले. तिसऱ्या वेळी तो माझ्यावर ओरडला, मग ट्रक हलवला आणि दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागितली.

"ओरडला?"

"ओरडला. मीही ओरडलो."

तेव्हा कुठे तिने लिहायला सुरुवात केली.

मे महिन्यात देवेश पेढे घेऊन आला.

"झालं, काका! पण ओरडलो तेही सांगितलंत?"

"घडलं होतं."

"मॅडम म्हणाल्या, फाइलमधला तुम्ही सांगितलेला तेवढाच माणूस खरा वाटला."

मी पेढा घेतला. तोंडात टाकण्यापूर्वी मात्र त्याच्या खांद्यावरून बाहेर पाहिले. पदपथ मोकळा होता. गणवेश अंगावर चढल्यावरही तो तसाच राहतो का, यावर माझे लक्ष आहे.