गोपूकाकांचा वन्स मोअर

गोपूकाका म्हणजे गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे. नारायण पेठेतल्या आमच्या नाट्यसंस्थेत ते ऑर्गन वाजवत. दिवसा विम्याच्या ऑफिसात कारकुनी, संध्याकाळी संगीत नाटकं. पद आवडलं की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडत, आणि मरून पडलेला राजासुद्धा उठून पुन्हा गाऊ लागे. काकांची बोटं तेव्हा सुरावरच थांबलेली असत, हाक येणार या खात्रीनं. काय दिवस होते ते! आठवले की अजून जीव हुरहुरतो.

पण ती सगळी पदं आमच्या पणज्यांच्या काळातली. पुढे कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, पेठेतली मुलं अमेरिकेला गेली आणि आमच्या प्रयोगांना प्रेक्षकांपेक्षा वादक जास्त दिसू लागले. तेव्हा एका सभेत काका उठले.

“संस्थेची ठेव मोडा आणि नवं संगीत नाटक करा. वर्षभर तालमी घेऊ, घाई नको. पणज्यांच्या पदांचे वन्स मोअर जन्मभर वाजवले. आपल्या पदाला एक मिळालेला ऐकायचाय मला.”

“ठेव मोडायला अक्कल लागत नाही,” एक सभासद म्हणाले.

चिटणीस मी होतो. काकांनी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मला नाही म्हणवेना. ठेव मोडली.

चाली केल्या सौमित्रनं. तो खराडीला सॉफ्टवेअरमध्ये. सुट्टीच्या दिवशी तालमीला येई. काका ‘पद’ म्हणत, तो ‘साँग’. दोघांचं सारखं जुंपे आणि त्यातूनच चाली सुधारत गेल्या. सौमित्रची अट एकच होती.

“काका, वन्स मोअर नको हं. स्टोरीचा फ्लो तुटतो.”

“आधी मिळू तर दे,” काका म्हणाले.

पहिल्या प्रयोगाला निम्मं थिएटर सौमित्रच्या ऑफिसचं, निम्मं आमच्या सभासदांचं. दुसऱ्या अंकात आमची नायिका स्पृहा असं काही गायली, की माझ्यासारख्या खडूस माणसाचेही डोळे भरून आले. टाळ्या कडाडल्या. काकांची बोटं सुरावर थांबली. ऑफिसातल्या मुलांना ही रीत ठाऊकच नव्हती, आणि आमचे सभासद ठेवीच्या रागानं हाताची घडी घालून बसलेले. टाळ्या विरल्या. स्पृहानं पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडलं.

“वन्स मोअर!”

हाक आली ती ऑर्गनमागून. वादकानंच आपल्या नाटकाला वन्स मोअर द्यावा, असा अधर्म आमच्या संस्थेत कधी घडला नव्हता. कुणीतरी हसलं, मग मागच्या रांगेतली मुलं ओरडू लागली आणि शेवटी नाइलाजानं आमचे सभासदसुद्धा.

स्पृहा पुन्हा गायली. तबला वाजत होता, ऑर्गन मात्र गप्प होता.

पडदा पडताच सौमित्र तरातरा काकांकडे गेला. मला वाटलं, आता भांडतो.

“काका, ती परत गायली तेव्हा वाजवलं का नाहीत?”

काका चष्मा पुसत होते.

“अरे, वन्स मोअर मी दिला होता. देणाऱ्यानं ऐकायचं असतं.”