लांब फळीनं जिंकलेली शर्यत कुणी मोजलीच नाही

रामेश्वरमजवळच्या मंडपमला जायचं आम्ही हौसेनं ठरवलं नव्हतं. आमच्या विंडसर्फिंग क्लबच्या समितीनं अचानक जाहीर केलं, की पुढच्या हंगामापासून शर्यतीत फक्त नव्या फॉइल फळ्या चालतील, जुन्या लांब फळ्यांचा गट बंद. श्रीकांतअण्णांनी साधं विचारलं, "का?" त्यावर उत्तर आलं, "समुद्रावर प्रात्यक्षिक ठेवलंय. या आणि डोळ्यांनी बघा." म्हणून गेलो. बघितलं. आणि जे बघितलं त्यानं माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, तेव्हा हे प्रवासवर्णन स्वल्प तिखट लागेल, आधीच सांगते.

श्रीकांतअण्णा मूळचे निपाणीचे. बंगळूरला पीण्या या कारखान्यांच्या भागात यंत्रांचे सुटे भाग तपासतात. शहराबाहेरच्या तलावावर शीड लावलेल्या फळीवर उभं राहायला मला त्यांनीच शिकवलं. माझा जन्म बंगळूरच्याच बनशंकरीतला, आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्र धड पाहिलेला नाही. पण अण्णांनी मला पाण्यात ढकललं आणि मी परत कोरडी झालेच नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जुनी शर्यतीची फळी माझ्या दुपटीहून लांब आणि होडीसारखी निमुळती असते. मधोमध एक उभी पाती खाली सोडता येते. तिच्यामुळे फळी वाऱ्याच्या तोंडाकडे तिरकी चढते, आणि वारा नावालाच असला तरी सरकत राहते. नवी फळी आखूड आणि जेवणाच्या टेबलासारखी रुंद. कडा खालून तिरक्या कापलेल्या, म्हणजे फळी कलली तरी कड पाण्यात रुतत नाही. खाली कमरेइतका उंच खांब, आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे पंख, पुढे मोठे, मागे छोटे. वेग आला की हे पंख अख्ख्या फळीला पाण्याबाहेर उचलतात. त्यालाच फॉइल म्हणतात.

पहाटे अंधारातच निघालो. अण्णांची फळी गाडीच्या टपावर, पुढे-मागे बाहेर आलेली. ज्यांना अशी फळी न्यायची असेल त्यांना एक सांगते: टपावरच्या पट्ट्यांना एक पीळ देऊन बांधा, नाहीतर वेग वाढला की त्या अशा भुणभुणतात की कान किटतात. होसूरच्या अलीकडे पोलिसांनी अडवलं. "हे काय आहे? विमानाचा भाग?" अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "नाही हो, विमानवाली दुसरी आहे. ही साधी." पोलीस हसला आणि सोडलं. पुढे सेलमपर्यंत रस्ता सुरेख, फक्त धर्मपुरीनंतर तोप्पूरच्या घाटात ट्रकच्या मागे शहाण्यासारखं राहा. दिंडुक्कलला बिर्याणी खा, छोट्या तांदळाची असते, पोटाला जड होत नाही. मदुराईत जिगरठंडा पिऊन ताजेतवाने व्हा. रामनाथपुरम ओलांडलं की माडाऐवजी ताडाची झाडं दिसायला लागतात आणि वारा गाडीला ढकलायला लागतो. दिवेलागणीला पोचलो. किनाऱ्याजवळ हजार-बाराशेत स्वच्छ खोली मिळते, फक्त पंखा नीट चालतोय का ते बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रोहन भेटला. रोहन पुण्याचा, बंगळूरमध्ये राहतो, या नव्या फळ्या विकतो. आमच्या समितीतले निम्मे लोक त्याचे मित्र. मी मराठी म्हटल्यावर भलताच खूश झाला.

"बेस्ट झालं! तू ब्लॉग लिहितेस ना? मग मस्त लिही यावर. सहा-सात नॉट वाऱ्यात उडतो हा बोर्ड. लाँगबोर्ड म्हणजे आता म्युझियम पीस, खरंच."

अण्णा तिथेच उभे होते, फळीला शीड जोडत. ऐकलं, पण मान वर केली नाही.

प्रात्यक्षिक म्हणजे तिघांची शर्यत. फॉइलवर चेन्नईचा एक तगडा गडी आणि आमच्याच क्लबमधली काव्या. काव्या सर्जापूर रोडला राहते, एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि शिडावर असली की वाघीण. लांब फळीवर एकटे अण्णा. उत्तरेकडच्या शांत पाण्यावर दोन नारिंगी फुगे सोडलेले, त्यांना दोन फेऱ्या मारायच्या. मी रोहनबरोबर बचावाच्या बोटीत बसले. तुम्ही इथं गेलात तर बोटीशिवाय पाण्यात उतरू नका, या मोसमात वारा किनाऱ्यावरून आत ढकलतो.

रोहननं स्वतः झेंडा खाली केला. त्यानंच. हे लक्षात ठेवा.

वारा होता, पण मंद. तिघं निघाले आणि थोड्याच वेळात चित्र स्पष्ट झालं. फॉइलच्या फळ्या उडेचनात. काव्या शिडाला हिसक्यावर हिसके देत होती, एकदा फळी वीतभर उचलली आणि परत बदकन बसली. न उडणारी फॉइल फळी म्हणजे पाण्यात उभा खांब ओढत नेणं, दुसरं काय! आणि अण्णा? पाती खाली, गुडघे किंचित वाकलेले, शीड हलकं धरलेलं. कुठं धडपड नाही. फळी अशी सरकत होती जशी थिजलेल्या तुपावरून सुरी. इतरांनी पहिला फुगा गाठला तेव्हा ते दुसऱ्या फेरीला लागले होते. मी बोटीत उभी राहून ओरडत होते. रोहन हातातल्या भोंग्याशी चाळा करत होता.

अण्णांनी शेवटची रेषा ओलांडली. मी टाळ्या वाजवतेय, तोवर रोहननं भोंगा तीनदा वाजवला आणि वायरलेसवर बोलला, "रेस रद्द. वारा लिमिटच्या खाली होता. दुपारी परत घेऊ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "रद्द? ते जिंकले की!"

"अगं, फॉइलच्या नियमात मिनिमम वारा लागतो. टेक्निकली ही रेस झालीच नाही."

"सुरू करताना नव्हता तो नियम? झेंडा तर तूच पाडलास! आणि आमच्या तलावावर रोज हाच वारा असतो, तिथं काय करायचं, वर्षभर रद्द?"

"तू इमोशनल होतेयस," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली उघडून मला देऊ केली. बाटली मी घेतली नाही. एवढंच सुचलं त्या क्षणी.

दुपारी वारा चढला, पाण्यावर पांढरे शेंडे आले. काव्याची फळी सुटली ती सुटलीच. पाण्यापासून हातभर वर, एका बाजूला कललेली, आवाज न करता. ती दोन्ही फेऱ्या संपवून बसली तेव्हा अण्णा लाटांवर आपटत दुसऱ्या फेरीत होते. त्यांच्या लांब फळीचं नाक प्रत्येक लाटेत घुसत होतं. कॅमेरा अर्थातच याच वेळी चालू होता.

आणि आता खरं सांगते, कारण फळीची माहिती शोधत इथं आलेल्या वाचकाला ते मिळायलाच हवं. नंतर मी स्वतः ती नवी फळी घेतली. ती उलटी धरून छातीइतक्या पाण्यात न्यायची, तिथं सुलटी करायची, नाहीतर पंख वाळूत आपटतात. पहिले दोनदा सपशेल पडले. पुढच्या पायावर भार कमी पडला की फळी वर उसळते, पंख पाण्याबाहेर येतात आणि तुम्ही तोंडावर आपटता. तिसऱ्यांदा ती उचलली. लाटांचा फटफट आवाज अचानक थांबला. पायाखाली काहीच नसल्यासारखं वाटलं आणि मी मोठ्यानं हसले. अप्रतिम फळी आहे. चांगला वारा, खोल पाणी, शेवाळ नाही, अशा ठिकाणी तिला तोड नाही. मग कशाला हवं होतं ते सकाळचं खोटं?

संध्याकाळी खाणावळीत मीनकुळंबू, म्हणजे माशाची आमटी, आणि भात सुंदर होता, आवर्जून खा. मला गेला नाही. अण्णा शांतपणे काटे काढत होते.

"तुम्हाला राग येत नाही?" मी शेवटी विचारलं.

"असू दे की गे," ते म्हणाले. मग भात कालवता कालवता, "दुपारी मी हरलो, ते खरं. पोरगी झकास चालवली. पण सकाळी जिंकलो तेही खरं की नाही? दोन्ही सांगा म्हणं. एकच कशाला सांगता?"

बिल आलं तेव्हा मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

घरी पोचायच्या आत रोहनचा व्हिडिओ आला होता: "जुनं विरुद्ध नवं, निकाल तुमच्यासमोर." सकाळचा एक क्षणही त्यात नव्हता. अण्णा फक्त लाटेत नाक खुपसताना दिसत होते, वर विनोदी संगीत.

पुढच्या शनिवारी समितीची बैठक झाली. पडद्यावर तोच व्हिडिओ. लोक हसले. मी उठून सकाळची हकिकत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांच्या शिष्या. तुमचं ऐकलं, आता पुढं जाऊ."

तेव्हा मागून काव्या उठली. व्हिडिओतली विजेती तीच. ती कन्नडमध्ये बोलली, घाईघाईनं, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या: "अक्का खरं सांगतायत. सकाळी मी सगळ्यात मागे होते. अण्णा कधी पुढे गेले ते मला कळलंसुद्धा नाही. आपल्या तलावावर फक्त फॉइल ठेवलीत तर निम्मे दिवस मी पाण्यात उभी राहून शीड हलवत बसेन. मला असली शर्यत नको."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बरीच कुजबुज झाली आणि शेवटी ठरलं, या हंगामात दोन्ही गट राहतील. अण्णा फक्त "सरी", म्हणजे "बरं", म्हणाले आणि काव्याच्या खांद्यावर थाप मारली.

जिन्यात रोहननं मला गाठलं. "एवढं पर्सनल का घेतलंस? बोर्ड चांगला आहे, हे तूच म्हणालीस ना?"

"चांगला आहे," मी म्हटलं. "म्हणून तर जास्त राग येतो."

मंडपमला जाच. रस्ता, वारा, मासे, सगळं लाखमोलाचं. मीही परत जाणार आहे, आणि हो, ती नवी फळी परत मागून घेणार आहे. पण तो व्हिडिओ अजून तसाच आहे आणि लोक अजून हसतायत. सकाळच्या शर्यतीबद्दल मी त्याखाली दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा पुसलं गेलं. तिसऱ्यांदा लिहायला गेले तर रोहननं मला ब्लॉक केलं होतं.

म्हणून हे इथं लिहिलंय. त्या सकाळी मंद वाऱ्यात श्रीकांतअण्णा पहिले आले.