आंबा निजलाय, खाकरून ये

“खाकरून ये रं. आंबा निजलाय.”

आमच्या आढीच्या दाराशी पाऊल वाजलं की आतून मावशी ओरडायच्या. येरमाळ्याला हायवेवर माझं आंब्याचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. त्याच्यामागं पत्र्याची अंधारी खोली आहे. तिथं गव्हाच्या काडात आंबे पिकत घालतो, ती आढी. दुकान माझं, पण आढी ती लावायला रोजानं येणाऱ्या मावशींची. मला माझ्याच खोलीत चपला काढून जावं लागायचं.

मावशी आंबा दाबून कधी बघत नसत. देठाशी नाक न्यायच्या, डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या, “आजून दोन दिस.” दोन म्हणजे दोनच. बोटभर देठ ठेवून उतरवलेला आंबाच त्या घेत. देठ तुटून चीक सांडलेला दिसला की उतरवणाऱ्याचा उद्धार व्हायचा.

एकदा उमरग्याचा एक व्यापारी पावडरची पुडी घेऊन आला. म्हणाला, एका रात्रीत पिवळा करतो. मावशी म्हणाल्या, “पावडरीचा आंबा म्हंजी नवरदेव. वरनं हळद, आतनं कच्चा.” तो बिचारा पुडी खिशात घालून चहा पिऊन गेला.

मग साथीच्या साली मावशींना ताप आला. त्यातून उठल्या आणि उन्हाळ्यात आढीवर आल्या. तसंच वाकणं, तसंच नाक लावणं, तसाच निकाल. पण एक कोपरा नासला, मग दुसरा. गिऱ्हाईक आंबे परत आणून देऊ लागलं. मला शंका आली. मी सरळ विचारायला हवं होतं. तेवढी अक्कल मला सुचली नाही.

मी देठाकडून काळा पडलेला, घाण मारणारा एक आंबा उचलला आणि चार गिऱ्हाइकांसमोर मावशींच्या नाकाशी धरला. “कसाय, मावशी?”

त्यांनी डोळे मिटले. “ग्वाड हाय. उद्या खावा.”

एक जण फिस्सकन हसला. आणि मीही हसलो. हे मला आजही गिळवत नाही.

मावशींनी आंब्याला हात लावला. बोटं चिकट झाली, ती त्यांनी बघितली. मग पदराचं काड झटकलं आणि निघून गेल्या. उद्या येतील म्हणून मी थांबवलं नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आमच्याकडं आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मेलेल्या माणसांना आधी रस दाखवायचा, मग आपण आंबा तोंडाला लावायचा. पुढच्या आखितीनंतर मी एक पिकला गावरान शेप्या आंबा घेऊन त्यांच्या घरी गेलो. माफी मागायचीच, असं ठरवून गेलो होतो. मावशी खाटेवर होत्या. आंबा त्यांनी नाकाशी नेलाच नाही, गालाला लावून धरला.

“तापात गेलं बघ नाक. कुणाला सांगू? नाकावर तर माजी भाकर. वास कसा येतुय, सांग की.”

“आंब्यावानी,” मी म्हणालो.

“आन् मग इतकी वर्सं काय केलास रं?” त्या हसल्या. माफी मागायची राहूनच गेली. त्या पावसाळ्यात मावशी गेल्या.

आता आढी मीच घालतो. बायको म्हणते, रिकाम्या खोलीत खाकरून काय जाता? जातो. दुपारीसुद्धा पाठीवर काटा येतो. वाटतं, कोपऱ्यात कोणीतरी वाकून आंबे हुंगतंय आणि त्याला काहीच कळत नाहीये.

यंदा आखितीच्या आदल्या दिवशी मी काड उचललं. देठाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं सांगितलं, “मावशी, शेप्या पिकलाय. शेपूच्या भाजीत गूळ पडल्यावानी वास येतुय. मागनं तापलेल्या काडाचा. आन् जरासा आंबूस, घामावानी.” काड परत झाकलं. “चुकलं माझं, मावशी.”

कोपऱ्यातलं काड खसखसलं. उंदीर असेल. हातात बॅटरी होती, पण मी ती लावली नाही.