सुतकातली वेबसाइट

"झाडलेल्या अंगणात पुन्हा पुन्हा काडी शोधणारी बाई," असं जुळे सोलापुरातल्या शेजारणी धनलक्ष्मीबद्दल म्हणत. समोरच्या बसम्माला तर एकदा तयार झालेली वेबसाइट दर महिन्याला तपासायची, हे कामच वाटत नसे. "भिंत बांधून झाल्यावर गवंडी बघायला येतो का गं?" ती विचारी. धनलक्ष्मी हसून विषय सोडून देई.

ती मूळची वळसंगची. संगणकाची पदवी घेऊन शहरात आली आणि नऊ व्यापाऱ्यांच्या वेबसाइट सांभाळू लागली. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती प्रत्येक वेबसाइटचं एकेक पान परक्या माणसासारखं उघडून पाही. पान उघडायला किती वेळ लागतो, कुठली लिंक तुटली आहे, शोधणाऱ्याला ते कितव्या क्रमांकावर दिसतं, हे सारं वहीत टिपून ठेवी.

फेब्रुवारीतल्या अशाच एका मंगळवारी तिनं मंगळवेढ्याच्या आबासाहेबांची वेबसाइट उघडली. आबासाहेब वीस-बावीस शेतकऱ्यांची ज्वारी पार्सलनं पुण्या-नाशिकला पाठवत. नवी ज्वारी हाताशी यायला तीन आठवडे उरले होते आणि वर्षाचा निम्मा खप त्याच हंगामात होई. पण एकशे चाळीस पानांच्या जागी एकच काळं पान होतं: मातोश्री मथुराबाई यांचे निधन झाल्याने तेरा दिवस बंद. बाकीची पानं काढून टाकलेली. पाचच दिवसांत त्यांतली सत्तावीस शोधातून गळाली होती.

सुतकाच्या घरी असल्या गोष्टीसाठी फोन करणं तिला बरं वाटेना. तिनं एसटी धरली.

आधी ती माजघरात आबासाहेबांच्या आत्याजवळ, अंबुबाईंजवळ, जाऊन बसली. मग ओसरीवर आबासाहेबांना म्हणाली, "वेबसाइट आजच पूर्ववत करायला हवी."

"ताई, दुकानाचं शटर खाली हाय, अन् हे उघडं ठेवू? आई जाऊन आठवडा न्हाय झाला तर ज्वारी इकतोय, म्हणतील की लोक. तुमा लिंगायतांत सुतक पाळत न्हाईत, तुमाला काय कळायचं!"

टोमणा तिनं गिळला. "विकू नका. ऑर्डर बंदच ठेवा, वर तशी ओळ लिहू. पण पानं काढली, तर शोधणाऱ्या यंत्राला वाटतं, हे दुकान कायमचं उठलं. ते दुसऱ्याचं नाव पुढं आणतं. तेराव्यानंतर तुम्ही दार उघडाल, पण वाट सांगणारा कुणी उरणार नाही."

"तेरा दिसानं काय हुतंय?"

"सत्तावीस पानं गेली. पहिलं गेलं ते आईंचं. भाकरी थापायची रीत सांगतात ते. तुमच्याकडं येणारी निम्मी माणसं त्याच पानावरून येत होती."

आतून अंबुबाई कडाडल्या, "अरं, दुकान झाकायला सांगितलं हुतं, वैनीला कुणी झाकायला सांगितलं तुला?"

संध्याकाळच्या आत पानं जागेवर आली. वर एक ओळ राहिली: तेराव्यापर्यंत पार्सल निघणार नाही.

शोधात परतायला मात्र त्यांनी आपला वेळ घेतला. बरीचशी पंधरा दिवसांत आली. मथुराबाईंचं पान, जे पूर्वी पहिल्या तिनांत असे, ते हंगाम संपेपर्यंत अकराव्याच्या वर चढलं नाही. ज्वारी खपली, पण चार शेतकऱ्यांची पोती आडतीत पडेल भावानं घालावी लागली.

एप्रिलमध्ये आबासाहेब सोलापूरला आले, तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "ताई, आता अक्कल आली. पुन्यांदा असं हुणार न्हाय. मग दर म्हैन्याला बघायची काय गरज ऱ्हायली?"

धनलक्ष्मीनं कप खाली ठेवला.

"ही चूक तुम्ही पुन्हा करणार नाही, आबासाहेब. दुसरी कराल. ती बघायला मी लागते."