गरम हवेचं निमित्त

मंचरहून डायलिसिस करून येताना आमची गाडी डिंभ्याच्या चढावर बसली, त्या दुपारी मी धाकट्या भावाला सांगून टाकलं, "आता पुरं झालं. फुडल्या खेपेला मला न्यायचं नाय." त्यानं विचारलं, "का?" खरं कारण सांगायचं तर फार बोलावं लागलं असतं आणि अंगात तेवढं त्राण नव्हतं. मी म्हणालो, "गाडीतली गरमी सोसवत नाय."

गरमी होतीच. चैत्राचं ऊन, दम संपलेली गाडी, एसी बंद, उघड्या काचेतून भट्टीसारखा वारा, आणि रस्त्याकडेला वाकून ओकणारा मी. पण माणूस काही तेवढ्यानं जगणं सोडून देत नाही. मला त्या सगळ्याचाच वीट आला होता. एक दिवसाआड हातात जाड सुया टोचून घ्यायच्या, आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना बघायचं, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं, दुसऱ्या दिवशी जरा माणसात यायचं की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तहान लागली तरी पाणी मोजून. बायको आधीच गेलेली. सगळी नोकरी एसटीच्या कंडक्टरकीत गेली, लोकांना मी योग्य थांब्यावर उतरवून दिलं. आता मला उतरायचं होतं. डायलिसिस थांबवलं तर काय होईल ते डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं आणि त्याला माझी तयारी होती. हे भावाच्या तोंडावर कसं बोलायचं एवढाच प्रश्न होता, तो त्या दुपारी गाडीनं सोडवला.

पण मी विसरलो की माझा भाऊ घोडेगावात मोटारी भरतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची, नवीन भरायची, हा त्याचा धंदा. जगातलं कुठलंही दुखणं उघडून बघता येतं आणि सापडलं की काढता येतं, अशी त्याची समजूत आहे. शेतकरी म्हणतो नशीब फुटलं, मोटार जळाली. हा म्हणतो, नशीब नाय, हवा मिळाली नाय. त्यानं माझं कारण खरं धरलं. म्हणाला, "गाडी नीट करतो. तवर चल. मंग तुझं तू ठरव."

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी मनात म्हणालो. पण हो म्हणालो. गाडी जुनी, पेट्रोलची, दुसऱ्याच्या हातून आलेली. ती काय नीट होणार, आणि झाली तर झाली, मग मी मोकळाच.

गाडीचा आजार विचित्र होता. सकाळी जाताना ती गुमान जायची. मंचरहून निघाल्यावरही घोडेगावपर्यंत तक्रार नसायची. बिघडायची ती थांबल्यावर. आणि आमच्या रस्त्यावर आजारी माणसाला घेऊन न थांबता जाता येत नाही. गाडीत आजारी दिसला की लोक हात करतात, आणि हात केला की थांबावंच लागतं. नाही थांबलं तर यांना माज आला म्हणतात. मग इंजिन बंद करायचं, काच खाली घ्यायची. कोणी खिडकीत डोकं घालून "जयभीम मास्तर, काय म्हणतीय तब्येत?" विचारणार, कोणी माझ्या हातावरची पट्टी निरखणार. वर डोंगराकडच्या गावातला एखादा ओळखीचा, नाचणीचं पोतं खांद्यावरून उतरवून, त्याच्या मेव्हण्याला हेच झालं होतं आणि तो कसा गेला ते सविस्तर सांगणार. मी "बरंय, बरंय" म्हणत ऐकायचो. माणसं वाईट नव्हती. माझ्या जिवाची त्यांना काळजी होती, म्हणून तर ती माझं मरण इतक्या मोकळेपणी बोलायची. तोवर गाडी उन्हात तापत उभी, आणि पुढे लगेच चढ.

अशाच एका थांब्यावर भावानं बोनेट उघडलं आणि मला खाली बोलावलं. "दादा, ह्या पायपाला हात लाव." लावला आणि झटकन मागे घेतला. तो म्हणाला, "गाडी चालती तवा वारा लागतो, पंखा फिरतो, पाणी फिरतं. बंद केली की समदं बंद. मंग इंजिनाची धग वर येती आन् ह्या हवेच्या पायपात, फिल्टरच्या डब्यात मुरून बसती. फुडं चालू केलं की गाडी तीच तापल्याली हवा वढती. गरम हवा पातळ असती, राव. पातळ हवेवर चढ कसा निघंल? त्यात एसीचं वझं." बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. कारण सापडलं होतं ना. मी मात्र मनात मोजलं, आता थोड्याच खेपा राहिल्या. मला वाटलं होतं त्याहून गाडीचं दुखणं बरंच साधं निघालं.

पहिला उपाय त्यानं सासुरवाडीहून आणला. त्याची सासुरवाडी येडगावची, टोमॅटोवाली माणसं. त्यांच्याकडे वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंग पेपर पडलेला असतो, वरून चंदेरी, खालून काळा. भावाचं म्हणणं, चंदेरी बाजू ऊन परतवते, टोमॅटोची मुळं गार ठेवते, मग पाइप का गार ठेवणार नाही? त्यानं सगळा पाइप आणि फिल्टरचा डबा त्या कागदात गुंडाळला, वरून सुतळीनं आवळला. बोनेटखाली कोणी प्रसादाचा पुडा ठेवलाय असं वाटायचं. पण तो कागद म्हणजे शेवटी प्लास्टिक. मुळाला इंजिनाची धग नसते, हे टोमॅटोवाल्यांच्या जावयाच्या डोक्यात आलं नाही. घोडेगावला औषधासाठी थांबलो आणि बोनेटच्या फटीतून असा वास सुटला की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. कागद वितळून इंजिनावर ओघळला होता. माझा भाऊ, ज्याच्याकडे सगळा तालुका मोटारी घेऊन येतो, भर चौकात पान्ह्यानं काळा चिकटा खरवडत बसला. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि नेमकं त्यानं पाहिलं.

त्यानंतर तो नेटानं लागला. गाडीची हवा ओढायची नळी रेडिएटरच्या मागे होती, तिथे तापलेलीच हवा मिळायची. ती त्यानं पुढे हेडलाइटच्या शेजारी नेली, बाहेरच्या वाऱ्यात, तोंडाला जाळी लावून. तेलाचा डबा कापून त्याचा पत्रा सायलेन्सरची गरम नळी आणि फिल्टरचा डबा यांच्यामध्ये आडवा बसवला, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून. पाइपाला मोटारीच्या कामातली फायबरची पट्टी गुंडाळली, जी तापून लाल झालेल्या तारेजवळही जळत नाही. शिवाय शिस्त लावली. थांब्याच्या आधी गाडी सावकाश घ्यायची, थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, आणि केलं की बोनेट उघडायचं. त्याचा तोटा असा की बोनेट वर दिसलं की गाडी बंद पडली समजून आणखी माणसं जमायची, आणि त्यांनाही मेव्हणे असायचेच.

हे सगळं चालू असताना मी मंचरला जातच होतो. बोललो होतो ना, गाडी नीट होईतोवर. सुया टोचल्या जात होत्या, रक्त फिरत होतं. घरी पडल्या पडल्या मला अंगणातून पान्ह्याचे आवाज यायचे आणि मी मनातल्या मनात गाडीला म्हणायचो, हो बाई लवकर बरी. एका संध्याकाळी भावजय माझ्याजवळ तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "दादा, गाडी झाल्यावर तुमी जानार का नाय?" मी म्हणालो, "बघू." तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, "ते मला रोज इचारत्यात, दादा आज काय म्हनला. मी काय सांगू?" मला तिचा राग आला. ज्याला जायचंय त्याला इतक्या बाजूंनी धरून ठेवू नये.

आणि मग ती दुपार आली. घोडेगावला औषधं घेतली, थांब्यावर लोकांना भेटून झालं, गाडी चांगली तापून निघाली. डिंभ्याच्या धरणाची भिंत दिसली, चढ सुरू झाला. मी वाट बघत होतो, आता हिसके देईल, आता एसी बंद करावा लागेल. काही झालं नाही. जिथे पूर्वी पहिल्या गिअरमध्ये रडत जायची, तिथे ती दुसऱ्यात सरळ ओढत निघाली. काचा बंद, गार हवा, इंजिनाचा एकसारखा आवाज. खाली धरणातलं पाणी खूप आत गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या चिखलात कोणाची तरी होडी उलटी पडली होती. मला वाटलं, चला, सुटलो. पण मी मान वळवून त्या होडीकडेच बघत राहिलो.

मी म्हणालो, "झाली की रं गाडी."

भावाला आनंद व्हायला हवा होता, एवढ्या खटपटीनंतर कोणालाही झाला असता. पण त्याचा हात पुढे गेला, त्यानं एसी बंद केला आणि दोन्ही काचा खाली घेतल्या. गरम वारा तोंडावर आला. गाडी तशीच जोरात चढत होती.

"नाय दादा," तो म्हणाला. "अजून तापती. लई काम बाकी हाय तिचं."

गाडीला काहीही झालेलं नव्हतं. ते मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे त्याला कळत होतं. गरमीचं निमित्त मी काढलं तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं ते ओळखलं असणार, फक्त उघडून बघायचं त्याला धाडस झालं नसणार. त्याच्या कानशिलावरून घाम गळत होता आणि तो पुसत नव्हता. मला त्याची फार दया आली, स्वतःची आली नव्हती इतकी.

पट्टी बांधलेला हात मी मांडीवर घेतला आणि म्हणालो, "मंग परवा बघ जरा. मंचरला सकाळी लवकर निघू."