रोवेनाचं नक्षीदार छत

पोस्टातून निवृत्त झालेल्या रोवेनाला एकच मान हवा होता. हडसन नदीकाठच्या त्या गावात दर वर्षी एका रविवारी जुनी घरं लोकांना दाखवत, त्यांत आपलंही घर असावं. पण तिच्या बैठकीच्या छताला ओल येऊन पोपडे सुटले होते. तिनं स्वस्तातल्या प्लास्टिकच्या टाइल्स आणल्या, हुबेहूब जुन्या घरांच्या छताला असतो तशा नक्षीदार पत्र्यासारख्या, आणि शिडीवर चढून स्वतःच चिकटवल्या. मग शेजारणींना सांगत सुटली, "पोपडे काढले, तर आत पणजोबांच्या काळचा पत्रा निघाला बाई!"

घरं निवडणाऱ्या ओस्ट्रँडरबाई पाहणीला आल्या, त्या लोहचुंबक घेऊनच. खऱ्या पत्र्याला तो चिकटतो. रोवेनानं घाईघाईनं त्यांना स्वयंपाकघराची वाट दाखवली.

"कॉफी घेता ना? सफरचंदाचा केकही आहे."

"आधी शिडी आण."

बाई वर चढल्या. चुंबक लावायच्या आधीच त्यांचं बोट कडेच्या कापलेल्या टाइलवर थांबलं.

"रोवेना, भिंतीपासून सुरुवात केलीस ना? खोलीच्या मध्यापासून करायची असते गं. म्हणजे कापलेले तुकडे दोन्हीकडे सारखे येतात."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझ्या जेवणघरात मीही तेच केलं. आता त्या कडेला छतापर्यंतचं कपाट उभं केलंय." चुंबक पर्समध्ये टाकत बाई खाली उतरल्या. "घेतलं तुझं घर. फक्त पडदे ओढून दिवे मंद ठेव. आमच्याकडे कित्येक वर्षं लोक अंधारातच माना वर करून वाहवा करतात."