विनोदिनीला विचारायला हवं

धारच्या बसस्टँडमागे, एका माळ्यावरच्या खोलीत विनोदिनी इंग्रजी बोलायला शिकवते. पीथमपूरच्या कारखान्यांतली शिफ्ट संपवून आलेली पोरं बाकांवर पेंगत असतात. पन्नाशीला टेकलेली विनोदिनीही पेंगतच शिकवते. त्या दिवशी धड्यात ‘पॉप द क्वेश्चन’ आलं.

"मैडम, म्हणजे?"

"लग्नाचं विचारणं. पॉप म्हणजे फट्कन. पूर्वी इंग्रज कुठलाही प्रश्न अचानक समोर टाकला की असं म्हणायचे. मग पुढे ते या एकाच प्रश्नाला चिकटलं."

"पूछना किसको?"

"जिच्याशी करायचंय, तिलाच."

"अरे भिया, अपने यहाँ तो लड़की के मामा से पूछते हैं!"

पोरं हसली. तिला हसवेना. सकाळीच धाकट्या भावानं, गणपतनं सांगितलं होतं, "जीजी, देवासच्या उदाजीरावांना तुझ्यासाठी हो म्हणून टाकलंय. विधुर आहेत, पण माणूस भला."

तरुणपणी तिला कितीदा दाखवलं. चालून दाखव, सुईत दोरा ओव. बाकी सगळं विचारायचे ते वडिलांना. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि दाखवणंही थांबलं.

"त्यांना म्हण, मला येऊन विचारा," रात्री घरी गेल्यावर ती गणपतला म्हणाली.

"अब इस उमर में नखरे, जीजी!"

तरी रविवारी उदाजीराव आले. पोरांच्या बाकावर अवघडून बसले. तिनं गणपतला कचोऱ्या आणायला पिटाळलं.

"विचारा."

उदाजीरावांनी रुमालानं मान पुसली. "विनोदिनीबाई, माझ्याशी लग्न कराल?"

उभं राहून पाय मोडल्यावर बस यावी आणि चढायचं त्राण उरू नये, तसं तिला झालं.

"तुम्हाला विचारलं होतं कुणी?"

"मला? बहिणीनं ठरवलं. म्हणे, तुला भाकरी कोण घालणार."

"पण करायचंय का तुम्हाला?"

त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "खरं सांगू? नाही हो. बायकोच्या दुखण्यात पार दमलो. आता नुसतं पडून राहावंसं वाटतं."

"मलापण."

उदाजीरावांनी पहिल्यांदाच पाठ टेकली. "गणपतरावांना मी सांगतो. नकार माझ्याकडून म्हणून."

"नको. विचारलंत मला. मीच सांगते."

गणपत धापा टाकत जिना चढून आला. "तो फिर? तय?"

"नाही म्हटलं मी," विनोदिनी म्हणाली. "कचोऱ्या गरम आहेत तोवर त्यांना दे."